आधी थांबेल तो बाहेर

साळोखे सर मैदानात आले की आधी नाक वर करायचे. कारखान्यांच्या दिशेला तोंड करून उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि दोन-तीन लांब श्वास घ्यायचे. आम्ही बुटांच्या नाड्या बांधता बांधता त्यांच्या तोंडाकडे बघत असू. मग ते म्हणायचे, "साफ हाय. पळा." किंवा म्हणायचे, "आंबट हाय. जरा बसा, वारा फिरल." एकदा त्यांनी सांगितलं की त्यावर कुणी काही बोलत नसे.

सरांबद्दल लिहायचं म्हणून मी बऱ्याचदा बसलो आणि उठलो. आमच्या घरात लिहिण्याची सवय कुणाला नाही. वडील कापडाच्या कारखान्यात मशीनवर आहेत. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. पालघरच्या कॉलेजातल्या आमच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "ज्या माणसामुळे तू थोडासा बदललास, त्याच्यावर लिही." तेव्हा पहिलं नाव सरांचं आलं. पण ते आलं की त्याच्या मागोमाग किरणचं येतं, आणि मग सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. म्हणून नाकापासून केली.

हिंदुराव साळोखे हे काही शाळेतले सर नव्हते. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी नोकरीसाठी बोईसरला आले ते इथलेच झाले. बोईसरजवळच्या सरावलीत, आमच्या चाळीच्या मागच्या चाळीत दोन खोल्यांत ते आणि काकू राहायचे. मूलबाळ नव्हतं. अंगाने बारीक, उंच, पुढचे केस गेलेले. चालताना थोडे पुढे वाकून चालायचे, जणू समोरून वारा येतोय.

तेव्हा आमची फुटबॉलची टीम म्हणजे टीम नव्हतीच. ज्याचा बॉल तो सेंटर फॉरवर्ड. जो जाडा तो गोलकीपर. उशिरा येणाऱ्याला कुणी बोलत नसे, कारण सगळेच उशिरा येत. हरलो की नाक्यावर वडापाव खायचा, आणि जिंकलो तरी वडापावच खायचा असं ठरलं होतं, पण ती वेळ कधी आली नव्हती. एका संध्याकाळी सर पहिली पाळी सुटून सायकलवरून घरी चालले होते. थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग आमच्या गोलकीपरला, बंड्याला, विचारलं, "काय चाललंय रं?"

"प्रॅक्टिस, काका."

"असं व्हय? मला वाटलं कुणाचं तरी काय हरवलंय आन् सगळी मिळून शोधताय."

पोरं हसली. बंड्याला राग आला. तो म्हणाला, "तुम्ही या की मग शिकवायला."

दुसऱ्या दिवशी ते शिट्टी घेऊन आले. नंतर कुठून तरी भंगारातले पाइप आणून, ओळखीच्या वेल्डरकडून जोडून घेऊन, त्यांनी दोन्हीकडे गोलपोस्ट उभे केले. तोवर आमचे गोलपोस्ट म्हणजे दगड आणि दप्तरं होती.

कोल्हापुरात फुटबॉल तालमीतला असतो, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. पेठापेठांच्या तालमींच्या टीमा, त्यांची आपसातली खुन्नस, आणि कुस्तीतले शब्द फुटबॉलमध्ये. त्यांनी पहिल्याच महिन्यात आमच्यात 'जोड' लावली. म्हणजे कुस्तीत जसे तोडीस तोड दोन पैलवान समोरासमोर लावतात, तशी प्रत्येक जागेसाठी दोन पोरं. सबंध आठवडा एकमेकांसमोर खेळायचं. शनिवारी जोड सुटायची. जो सरस ठरेल तो रविवारच्या मॅचला आत. बरोबरी झाली तर दोघांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या, कितीही, कुठलाही हिशेब नाही. आधी थांबेल तो बाहेर.

"सर, पोटात दुखत असलं तर?" असं एकदा कुणीतरी विचारलं.

"कारणं आईला सांगायची," सर म्हणाले. "तिला गोड लागत्यात. मला न्हाई."

त्यांची अशी वाक्यं आम्हाला पाठ होती. दोस्ती चपलांजवळ ठेवून या, जाताना घेऊन जा. दमलास तर तुझा जोडही दमलाय, फक्त त्यानं तुला सांगितलेलं न्हाई. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं हे: फुकट दिलेली जागा ही जागा न्हवं, उपकार हाय.

हे शेवटचं त्यांनी खरं करून दाखवलं तो प्रसंग मला अजून आवडतो. आमच्या भागातल्या एका कंत्राटदाराने टीमला जर्सी दिल्या होत्या. त्याचा मुलगा रोहन आमच्यात खेळायचा, आणि त्याची जोड होती नितेशशी. नितेश मुरबे या समुद्रकाठच्या गावचा, मासेमारीच्या बोटीवर काम करणाऱ्या घरातला. सायकल मारत तिथून सरावलीला यायचा आणि आल्यावर आमच्याहून ताजा असायचा. रोहन दर शनिवारी हरे आणि रविवारी बाहेर बसे. एकदा कंत्राटदार स्वतः मॅचला आला.

"सर, आमचा मुलगा दिसत नाही मैदानात."

"हाय की. तिकडं बसलाय. पाण्याच्या बाटल्या भरतोय."

"सर, जर्सी मी दिल्यात."

"व्हय, चांगल्या हायत," सर म्हणाले. मग आम्हाला हाक मारून म्हणाले, "पोरांनो, जर्सी काढा. सायबांच्या हायत. बनियनवर खेळा."

आम्ही खरंच बनियनवर खेळलो. बंड्याच्या बनियनला पाठीवर भोक होतं. समोरची टीम हसत होती. ती मॅच आम्ही जिंकलो. त्यानंतर कंत्राटदाराने काही जर्सी परत मागितल्या नाहीत, आणि रोहन मात्र हळूहळू यायचा बंद झाला. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. सरांनी विचारलंही नाही की तो का येत नाही. नितेशसमोर त्यांनी किरणला उभं केलं.

बदल झाला हे खरं आहे. पोरं वेळेआधी येऊ लागली. आपला जोड किती वाजता येतो ते बघून त्याच्याआधी येऊ लागली. बंड्या वडापाव सोडून चणे खाऊ लागला, कारण त्याचा जोड चणे खात होता. मी डावा बॅक. बहुतेक शनिवारी हरायचो, पण पुढच्या शनिवारी जिंकेन असं वाटत राहायचं, आणि असं वाटणं माझ्या आयुष्यात नवीन होतं. कॉलेजचा फॉर्म भरायची हिंमत मला तिथूनच आली असावी. दुसऱ्या वर्षी आम्ही पालघरच्या एका नावाजलेल्या टीमला हरवलं. पोरांनी सरांना उचललं. खाली उतरवल्यावर ते पँट झटकत म्हणाले, "तुमची जोड शनिवारी हाय. ती टीम हरल्यावर काय करणार म्हाईताय? उद्याच पळायला उतरतील. तुम्ही वडापाव खा."

त्यांच्या नाकावरचा आमचा विश्वास कसा बसला तेही सांगायला हवं. पहिल्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही पळत होतो. आम्हाला कसलाही वास येत नव्हता. सरांनी अचानक शिट्टी मारली, म्हणाले, "घरी जावा. खिडक्या लावून बसा. आत्ताच्या आत्ता." आम्ही कुरकुरत गेलो. थोड्या वेळात सगळ्या सरावलीचे डोळे चुरचुरू लागले, माणसं ओल्या पदराने तोंड झाकून दारं लावू लागली. माझी आई म्हणाली, "तुझ्या सरांचं नाक आहे की काय आहे!" तेव्हापासून आमच्या चाळीतल्या बायकाही कपडे वाळत घालण्याआधी मला विचारायच्या, "सर काय म्हणतात आज?" सर स्वतः म्हणायचे, "आमच्या धंद्यात डोळ्याआधी नाक. गॅसचं मीटर नंतर बोलतंय."

एकदा मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. काकू शेजारी गेल्या होत्या म्हणून सरांनीच चहा केला. दूध नासलेलं होतं. कप तोंडाजवळ नेताच मला कळलं, पण सरांसमोर बोलायचं कसं? मी कप हातात धरून बसलो. सर मात्र बोलत बोलत पीत होते. तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं, सरांच्या हातातल्या कपाकडे बघितलं, माझा कप काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुला दुसरा करते, बाळा." सरांचा कप त्यांनी काढून घेतला नाही. फक्त त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मला ते विचित्र वाटलं, पण मी त्यावर जास्त विचार केला नाही.

त्या दिवशीच सरांनी मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगितली. ते तालमीच्या टीममध्ये होते, पण पहिल्या अकरांत कधी आले नाहीत. "माझा जोड माझ्यापेक्षा दमदार निघाला," ते म्हणाले. "मी थांबलो. अजून थोडं पळालो असतो तर तो थांबला असता का, हे अजून कळलेलं न्हाई बघ."

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांच्या त्या जुन्या तालमीतून फोन आला. एक फॉरवर्ड पाठवा. राहणं, जेवण तालमीकडे, सीझनभर खेळायचं, पुढे पोराचं नशीब. सरांनी आम्हाला मैदानात बसवून हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. इथलं एक पोर कोल्हापूरला खेळेल, याची ते इतकी वर्षं वाट बघत होते हे आम्हाला तेव्हा समजलं. जागा एकच होती. नितेश की किरण.

नितेशबद्दल सांगितलं. किरण सरावलीतलाच, आमच्या पलीकडच्या गल्लीतला. त्याचे वडील जळगावकडचे, रंगाच्या कारखान्यात. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या नखांत कधी निळा, कधी लाल रंग असायचा. मोठा भाऊही तिथेच लागला होता, आणि आता किरणसाठी बोलणं झालं होतं. किरण फारसं बोलायचा नाही. मला एकदाच म्हणाला, "कोल्हापूर नाही झालं तर एक तारखेपासून मी पण रंगात." नितेशला बोट होती. ती काही त्याला नको नव्हती, पण त्यालाही एकदा दुसरीकडे जाऊन बघायचं होतं. "मासे काय, परत आलो तरी असतीलच," तो म्हणायचा. दोघांचं जमायचंही छान. नितेश किरणसाठी सुके बोंबील आणायचा. किरण त्याला म्हणायचा, "आणू नको रे, शनिवारी मला दया येते." नितेश हसायचा, "येऊ दे ना! दया येऊ दे, थांब तू, मंग मी जातो कोलापूरला."

चेंडूवर दोघांची बरोबरी सुटत नव्हती. सरांनी सांगितलं, शनिवारी फेऱ्या.

त्या शनिवारी मला कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. पालघरहून बोईसरला उतरलो तेव्हा उशीर झाला होता. थंडीचे दिवस. संध्याकाळी हवा हलत नाही, धूर खालीच बसून राहतो. मी शेअर रिक्षात बसलो. स्टेशनपासून थोडं पुढे गेल्यावर रिक्षावाल्याने रुमाल काढून नाकाला बांधला.

"आज फिर छोड़ा है सालों ने," तो म्हणाला. "नाक बाँध लो भैया."

माझ्या घशात खवखवू लागलं होतं. रस्त्यावरची दुकानं अर्धी शटर ओढून बसली होती. एक बाई मुलाला कडेवर घेऊन, त्याचं तोंड आपल्या खांद्यात दाबून भराभर चालली होती. मला वाटलं, आज प्रॅक्टिस नसणार. सरांनी केव्हाच घरी पाठवलं असेल. तरी मी मैदानाकडे वळलो.

मैदानात सगळे होते. पोरं रेषेवर रांगेत उभी होती. कुणी तोंडाला रुमाल लावला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती सरळ समोर बघत होती. नितेश आणि किरण पळत होते. पळत होते म्हणजे, पाय फक्त पुढे पडत होते. मध्यभागी सर उभे होते, ताठ, शिट्टी हातात. ओरडत होते, "दम लावा! दोघांनाही दम लागलाय, पहिला कोण सांगतोय तेवढंच बघायचंय!"

मी लांबूनच ओरडलो, "सर! गॅस!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "कसला गॅस रं?"

मग त्यांनी नाक वर केलं. नेहमीसारखे डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मी जवळ पोचलो होतो, मला ठसका लागला होता, आणि ते तिथे उभे राहून छाती भरून ती हवा आत घेत होते. डोळे उघडून त्यांनी रांगेकडे पाहिलं. पोरांचे लाल डोळे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसले असावेत. शिट्टी तोंडाला लावायच्या आत किरण खाली बसला. बसला आणि आडवा झाला.

किरण बसल्यावर नितेश आणखी काही पावलं पुढे गेला. मग तो गुडघ्यांवर पडून ओकला.

पुढचं फार भराभर झालं. किरणच्या ओठांचा रंग मला आठवतो, तो लिहीत नाही. रस्त्यावरून एक रिक्षा थांबवून आम्ही त्याला बोईसरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथून त्याला ऑक्सिजन लावून मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. बाकीच्या पोरांना तपासून, डोळे धुऊन सोडलं. त्या दिवशी गॅस कुठून आला होता ते कधीच ठरलं नाही. आमच्याकडे ते ठरत नाही.

हॉस्पिटलच्या जिन्याखाली सरांनी पोरांना उभं केलं आणि एकेकाला विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"बंड्या, तुला वास येत होता?"

"येत होता सर."

"केव्हापास्नं?"

"सुरुवातीपासून. डोळे पण चुरचुरत होते."

"मग बोलला का न्हाईस?"

बंड्याने इकडेतिकडे बघितलं. "तुम्ही साफ आहे म्हणालात, सर. मला वाटलं, मलाच येतोय."

पुढचा म्हणाला, आधी कोण बोलणार? त्याच्या पुढचा म्हणाला, माझा जोड गप्प होता. नितेश भिंतीला टेकून खाली बसला होता. सर त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"तू पळणारा. तू तरी थांबायचं."

"किरन थांबला नाय," नितेश म्हणाला. "मंग मी कसा थांबू? त्याला पन वास येत व्हता. आमी एकमेकांकडं बघलं पन. तो नाय थांबला, मी नाय थांबलो." मग तो सरांवर ओरडला, "तुमीच तं सांगलंय, जो आधी सांगल तो बाहेर!"

तेवढ्यात किरणचे वडील आले. कामावरून तसेच आले होते, हातांना रंग होता. त्यांनी सरांना नमस्कार केला, हे मला फार लागलं. म्हणाले, "सर, त्याले लहानपणी दम लागे. आता बरा होता. त्यानं तुमाले सांगलं नसन." मग अगदी साधेपणाने विचारलं, "पण सर, तुमी तं यातलेच मानूस. तुमाले वास नई आला का?"

काकू डबा घेऊन आल्या होत्या, त्या मागे उभ्या होत्या. त्यांनीच मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं. गेलं वर्षभर सरांना वास येतच नव्हता. उदबत्तीचा नाही, करपलेल्या दुधाचा नाही. हळूहळू गेला, आणि पुरता गेला तेव्हा त्यांनी काकूंना शपथ घातली.

"प्लांटवर कळलं असतं तर त्यांना बाजूला केलं असतं," काकू म्हणाल्या. "नाक न्हाई तर ऑपरेटर कसला? त्यांच्या जागेवर डोळा ठेवून माणसं उभी हायत. मग मैदानात तरी कसं सांगणार? डोळे चुरचुरणं, खोकला त्यांना प्लांटवर रोजचाच, त्यावरनं काय कळत न्हाई. रोज वाऱ्याकडं बघायचे, झाडं कुणीकडं हलतात बघायचे, आन् अंदाजानं बोलायचे. इतके दिवस बरोबर आलं."

किरण वाचला. महिन्याने घरी आला. फुप्फुसांना आतून इजा झाली आहे, चालता येईल, पण पळणं आता नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर चढताना तो मध्ये थांबून कठड्याला धरतो. रंगाच्या कारखान्यातही आता त्याला कुणी घेणार नव्हतं.

सरांनी कंपनीत जाऊन आपणहून सांगितलं की मला वास येत नाही. त्यांना गोडाऊनमध्ये टाकलं. मैदानात ते पुन्हा आले नाहीत. आम्ही काही दिवस आपले आपण जमलो. फेऱ्या मारायला लागलो की कुणीतरी लगेच थांबायचं, मग सगळेच थांबायचे, आणि एकमेकांकडे बघायचं नाही म्हणून बुटांच्या नाड्या बांधत बसायचे. हळूहळू येणं बंद झालं.

कोल्हापूरहून पुन्हा फोन आला तेव्हा सरांनी नितेशला विचारलं. नितेश म्हणाला, "तो पडल्यावर मी पुढं गेलो, सर. मोजून पुढं गेलो. ती जागा मला नाय पायजे." आणि तो बोटीवर जायला लागला. मग सरांनी एक गोष्ट केली, ती बरोबर की चूक हे मला ठरवता येत नाही. त्यांनी किरणला सांगितलं, "तालीम थांबायला तयार हाय. तू बरा हो. जागा तुझीच हाय." तालमीने असं काही म्हटलं नव्हतं. पोराने उठून बसावं म्हणून ते बोलले. किरणने ऐकून घेतलं आणि मला नंतर म्हणाला, "जोड न सुटता जागा कशी माझी होईल? सरांना दया आलीय."

दर सुट्टीला सर कुणाची तरी स्कूटर मागून आणून त्याला मुरब्याला न्यायचे. समुद्रावर हवा चांगली असते म्हणून. तिथे ओल्या वाळूवरून दोघं चालायचे. सर त्याच्या वेगाने, तो थांबला की थांबायचे.

मी त्या दोघांना एकत्र शेवटचं तिथेच पाहिलं. नितेशला भेटायला गेलो होतो. ओहोटी होती. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले होते आणि नितेशची आई त्यांवरून कावळे हाकत होती. सरांना बघून ती ओरडली, "सर, आज जेवल्याबिगर जायाचं नाय! दर टायमाला पलता!"

"आज न्हाई पळत," सर हसून म्हणाले. त्या दिवशी ते बरे दिसत होते. किरण त्यांच्या थोडा पुढे चालत होता. तेवढ्यात बोट लागली आणि नितेश माशांची पाटी घेऊन पाण्यातून बाहेर आला. त्याने लांबून किरणला हात केला. किरणने त्याला पाहिलं. क्षणभर नुसता उभा राहिला. मग वळला आणि किनाऱ्याच्या कडेने पळायला लागला.

सुरुवातीला तो नुसतं दाखवतोय असं वाटलं. सर म्हणाले, "बास, बास. बघितलं." किरण थांबला नाही. सर ओरडले, "किरण! आरं जागा तुझीच हाय, थांब!" त्याने मागे बघितलंही नाही. एक हात त्याने बरगड्यांवर दाबून धरला होता आणि डोकं एका बाजूला गेलं होतं, पण पाय पडत होते.

नितेशच्या लक्षात आलं. त्याने पाटी टाकली, आणि पळत सुटण्याऐवजी तो होता तिथेच ओल्या वाळूत धपकन खाली बसला. दोन्ही हात वर करून ओरडायला लागला, "मी बसलो रे! किरन, मी थांबलो! मी आधी थांबलो! तू जिंकलास, बस ना रे!"

सर पळायला लागले होते. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. पुढे वाकून, हात आडवेतिडवे टाकत ते पळत होते आणि किरणच्या आणि त्यांच्या मधलं अंतर कमी होत नव्हतं. मीही त्यांच्या मागे धावलो. उत्तरेचा वारा समोरून येत होता. त्यात सरांचं "थांब, थांब" मागे माझ्याकडेच येत होतं, आणि पुढे किरण पळत होता.